वळकटीचा श्वास

“लांब श्वास घ्या,” भैरवी म्हणाली, आणि त्या पाठीनं श्वास घेतला. तिनं तो ऐकला. पडद्याला पाडलेल्या चिरेतून आत गेलेल्या तिच्या हाताखाली मऊ, झिजलेलं लुगडं होतं, लुगड्याखाली पाठ होती, पाठीत हवा गेली, थांबली, बाहेर आली. लांबच्या झाडाच्या शेंड्यातून वारा जावा तसा आवाज. डावीकडे तसा, उजवीकडेही तसाच. तिनं स्टेथोस्कोप कानातून काढला आणि हातातल्या कार्डावर चार नंबरपुढे एकोणीस वर्षांच्या सवयीच्या अक्षरात लिहिलं: छाती स्वच्छ. दोन्ही बाजूंना हवा सारखी. सगळ्यांची कार्डं गोळा झाली. मोनिकानं दोरी ओढली, पडदा कडेला सरकला. एक, दोन, तीन आणि पाच नंबरच्या स्टुलांवर माणसं बसली होती. चार नंबरच्या स्टुलावर गादीची वळकटी बसली होती.

बसलीच होती. सुतळीनं तीन ठिकाणी आवळलेली, वर जुनं हिरवं लुगडं गुंडाळलेलं, आणि वरच्या टोकाशी कुणीतरी हौसेनं पदरसुद्धा काढलेला. भैरवीला वाटलं, ही आत्ता वळून बघेल.

हसू फुटलं. आधी खिडकीपाशी, मग सगळ्या खोलीत. अकराजणी होत्या. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या उपकेंद्रांवर एकटीनं पेशंट बघणाऱ्या, सहा महिन्यांचा जादा कोर्स करून डॉक्टर नसताना तपासायची आणि औषध द्यायची मुभा मिळालेल्या नर्सा. प्रशिक्षणाचा आज पहिला दिवस. हातानं, कानानं, डोळ्यांनी माणूस कसा तपासायचा, एवढाच पाच दिवसांचा विषय. “आज शिकवणार नाही, आज नुसतं बघणार आहे,” असं मोनिकानं सकाळीच सांगितलं होतं.

“अगं, गादीला लांब श्वास घ्यायला लावलास!” अयोध्या म्हणाली. ती आणि भैरवी एकाच महिन्यात नोकरीला लागलेल्या. तिनं तोंडाशी रुमाल धरला होता. “घेतला का गं तिनं?”

“घेतला,” भैरवी म्हणाली.

खोली आणखी हसली. भैरवीनं विनोद केला असं सगळ्यांना वाटलं.

मोनिका मात्र हसली नाही. ती ईट गावची पोरगी. बारा वर्षांपूर्वी शिकत असताना महिनाभर भैरवीच्या हाताखाली होती, तेव्हा इंजेक्शनची सुई धरतानासुद्धा तिचा हात थरथरायचा. आता तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि आवाज मऊ होता. तिनं कार्डं मोजली. नऊजणींनी वळकटीची छाती स्वच्छ लिहिली होती. दोघींनी लिहिलं होतं, काही ऐकू आलं नाही. आणि विचारल्यावर त्या दोघी खाली मान घालून म्हणाल्या की आपला स्टेथोस्कोप बिघडला असावा असं वाटलं. “कापडावरून ऐकलं की कापड ऐकू येतं,” मोनिका म्हणाली. “आपला हात हलतो, कापड घासतं, आपलाच श्वास नळीवर आदळतो. बाकीचं मन भरून काढतं. मनाला काय ऐकायचंय ते आधीच ठरलेलं असतं.” मग भैरवीकडे बघून, चुकूनसुद्धा टोचू नये अशा सुरात ती म्हणाली, “सिस्टर, मीसुद्धा कितीतरी वर्षं तसंच करत होते. तुमच्याकडं शिकले होते ना. तुम्ही म्हणाला होता, बायकांना संकोच होतो, वरूनच लावायचं.”

जेवणाच्या सुट्टीत अयोध्या डबा उघडता उघडता म्हणाली, “तू कशाला मनाला लावून घेतेस? मी तर नळी नीट कानात घातलीच नव्हती. मागं रांग असती, आपण लिहितो. सगळ्याच लिहितात. तू काय जगावेगळं केलंस?”

“तू ऐकलंच नाहीस.”

“तेच म्हणतेय की.”

“मी ऐकलं,” भैरवी म्हणाली. अयोध्याच्या डब्यातल्या भाकरीचा वास एकाएकी इतका मोठा झाला की ती उठून व्हरांड्यात गेली.

ज्या बाईनं न ऐकता लिहिलं तिची चूक साधी होती, ती उद्यापासून ऐकेल. पण भैरवीनं ऐकलं होतं. आवाज आत जाताना किंचित लांब आणि बाहेर येताना आखूड, पुस्तकात सांगितलेला, निरोगी. वळकटीत हवा गेली होती. व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या भैरवीच्या बोटांना अजून ते लुगडं लागत होतं, त्याच्याखाली पाठ लागत होती, आणि हात धुवायला नळाशी गेली तरी ती पाठ बोटांवरून जात नव्हती. वळकटी जर श्वास घेते तर मग एकोणीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी श्वास घेतला त्यांच्यातलं कोण… वाक्य पुढे जाईना. उपकेंद्रातल्या कपाटात रजिस्टरं एकावर एक ठेवलेली आहेत, काही वाळवीनं खाल्लेली, प्रत्येकात पानामागून पान तेच दोन शब्द, तिच्याच अक्षरात. त्या पानांवर एका रांगेत बसलेल्या बायका तिला दिसल्या, पाठमोऱ्या, पदर घेतलेल्या. एकेक वळायला लागली. एकीला आवळलेली सुतळी होती.

छाती स्वच्छ.

आणि त्या रांगेत सगळ्यात शेवटी, शनिवारची, कोंडाबाई. बेंबळीच्या पुढच्या वाडीवरची मेंढरं राखणारी म्हातारी. महिनाभर बारीक खोकला, संध्याकाळी अंग कडकडीत, आणि उजव्या कुशीवर झोपलं की दम कोंडतो म्हणाली होती. भैरवीनं तिच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला होता, लांब श्वास घ्या म्हणाली होती, झाडाच्या शेंड्यातला वारा ऐकला होता. गोळ्या दिल्या, खोकल्याची बाटली दिली. “मंगळवारी मेंढरं घेऊन सीना नदीकडं निघायचंय. जाऊ का नगं?” कोंडाबाईनं विचारलं होतं. ते लोक एकदा गेले की पाऊसकाळ तोंडावर आल्याशिवाय परतत नाहीत, आज या शिवारात तर उद्या त्या. भैरवी म्हणाली होती, “जा की. छाती अगदी स्वच्छ आहे.” आज सोमवार होता.

तिनं मोनिकाला सांगितलं की मला जायला हवं. कुठं, का, असं मोनिकानं विचारलं नाही. “अर्धा दिवस गैरहजर लागेल सिस्टर,” एवढंच म्हणाली, आणि मग, भैरवी जिन्याशी पोचल्यावर मागून, “पाठीवर जिन्यासारखं उतरायचं. एक पायरी डावी, एक उजवी. खालपर्यंत जायचं. आपण वरच थांबतो.”

बेंबळीची एसटी निम्मी रिकामी होती. भैरवी खिडकीशी बसली आणि काच थरथरायला लागली, आत-बाहेर, आत-बाहेर. बसच्या ब्रेकनं हवा सोडली. पुढच्या बाकावरच्या बाईच्या पदराचं टोक वाऱ्यानं फुगत होतं आणि पडत होतं. सगळंच श्वास घेत होतं. कशावरही कान ठेवला असता तरी तिनं लिहून दिलं असतं. एका वळणावर तिला राहवलं नाही. तिनं पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, मांडीवरच्या पिशवीवर ओढणी पसरली आणि ऐकू लागली. आली हवा. किंचित लांब, मग आखूड. शेजारी उमरग्याकडचे एक म्हातारे टोपीवाले बसले होते; कंडक्टर त्यांना बसप्पाकाका म्हणत होता. ते बराच वेळ बघत होते.

“काय वो सिस्टर, पिशवीला ताप आलाय काय?”

“नाही काका. बघतेय, चालू आहे का.”

“मग? हाय का जीव?”

“हाय,” ती म्हणाली आणि तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती हसली.

त्या बायका उघडत नाहीत. हे तिनं किती वेळा सांगितलं असेल, मीटिंगमध्ये, वरून तपासायला आलेल्या साहेबांना, मोनिकाला. खेड्यातल्या बायका आहेत, चोळी सैल करा म्हटलं की पदर घट्ट धरतात. कोंडाबाईनंही शनिवारी धरला होता. खोलीत टेबलाशी नावं लिहीत मदतनीस गुरुलिंग बसला होता, पुरुषमाणूस, मग कशी उघडेल? धरला होता पदर. भैरवीला तो काळ्या बोटांत धरलेला पदर दिसत होता. दिसत होता म्हणजे, वळकटीसारखा दिसत होता का? खिडकीबाहेर ज्वारी कापून नेलेली रानं आली, नुसती धसकटं उरलेली, आणि एका रानात मेंढरं बसवलेली. तेवढ्यात मघापासून लावत असलेला फोन लागला. “आय व्हय? मेंढरांत हाय,” पलीकडून कोंडाबाईचा मुलगा श्रीमंत ओरडून बोलला, मागे मेंढरांचं बें-बें चाललेलं. “सांजंला सामान बांधायचं, पहाटं निघायचं. का वो मॅडम?” आईला घरी बसवून ठेव, मी येतेय, ती म्हणाली, आणि का ते सांगितलं नाही.

डावीकडे, वर. उजवीकडे, वर. एक पायरी खाली.

बाबांनी विचारलं होतं, “येतं का गं काही ऐकू?” तुळजापूरच्या घरात सकाळी, पूजेला बसायच्या आधी. वसंतराव आयुष्यभर देवीच्या यात्रेकरूंचे अभिषेक सांगत आले, आणि मुलगी नर्स झाली हे त्यांनी कुणाला कधी आपणहून सांगितलं नाही. खोकत होते, पायऱ्या चढताना दोनदा बसत होते, पण दवाखाना नको, घरात पोरगी आहे ना. ती ड्युटीवरून थेट आली होती. आंघोळ केलीस का, त्यांनी विचारलं. नाही म्हणाली. ते सोवळ्यात होते, अंगावर धाबळी होती, म्हणून ते तिच्यापासून हातभर सरकले आणि पाठ करून म्हणाले, “राहू दे, वरूनच काय ते बघ.” राहू दे. तिनं त्या जाड लोकरीवर स्टेथोस्कोप टेकवला, अगदी हलका, त्यांना शिवू नये एवढ्या बेतानं, आणि ऐकलं. काय ऐकलं होतं? खरखर होती, तिनं मनातल्या मनात ती बाजूला काढली, आणि खरखरीमागं तो वारा होताच, डावीकडे तसा, उजवीकडेही तसाच. “स्वच्छ आहे बाबा.” ते खूश झाले होते, तिच्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही बोलले होते, “कान चांगला आहे तुझा.” पुढच्याच आठवड्यात सोलापूरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पाठीतून बाटलीभर पाणी काढलं, आणि पुढं बाबा अकरा दिवसच जगले. भाऊ, गुरुप्रसाद, दवाखान्याच्या दारात म्हणाला, “तू ऐकलं होतंस ना?” ऐकलं होतं, असं ती म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. हीच गोष्ट तिला आता बसमध्ये कळत होती आणि कळल्यावर खाली कुठं ठेवावी ते समजत नव्हतं. ते खोटं असतं तर बरं झालं असतं.

वाडीवर पोचेपर्यंत उन्हं कलली होती. पत्र्याच्या घरापुढं सामान काढून ठेवलेलं होतं, जाळीची गुंडाळी, पातेली, घोंगड्या. कोंडाबाई दारातल्या दगडावर डाव्या बाजूला कलून बसली होती. भैरवीला ते कलणं दिसलं. शनिवारीही ती अशीच कलून बसली असेल.

“काय वो बाई, पगार वाढला का काय तुमचा? घरला येऊन तपासायलाव,” कोंडाबाई म्हणाली. बोलताना तिला मध्ये थांबावं लागलं.

“मावशी, पाठ परत बघायचीय. आत चला.”

“परवाच बघितलाव की.”

“परत बघायचीय.”

आत अंधार होता, चुलीचा आणि मेंढरांचा वास होता. भैरवीनं दार लोटून घेतलं. चोळीची गाठ सोडा, असं सांगायचं होतं, आणि ते शब्द तिच्या तोंडात आलेच नाहीत. जीभ त्या जागी गेली आणि तिथं दुसरेच शब्द ठेवलेले होते. राहू द्या, वरूनच चालतं. ते तिनं गिळले. कोंडाबाईनं मात्र कुणी काही सांगायच्या आधीच पदर खांद्यावरून टाकला, गाठ सोडली, चोळी वर सारली आणि पाठ फिरवून बसली. वाळलेली, उन्हानं काळी पडलेली, मणक्याच्या गाठी वर आलेली पाठ. भैरवी उभीच राहिली.

“शनिवारी का नाही सोडलीत गाठ?” तिचा आवाज तिला हवा होता त्याहून मोठा आला.

“म्या? म्या सोडतच हुते की. तुमीच म्हणलाव, राहू द्या मावशी, वरूनच चालतंय.” कोंडाबाई मान वळवून हसली. “म्या म्हणलं, ह्यांचं मशीन लई भारी असंल. आमी मेंढरू आजारलं तर लोकर फाकवून, उघड्या कातड्याला कान लावतो. लोकर लई खरखर करती, आतलं ऐकूच देत न्हाय. तुमचं मशीन ऐकत असंल, म्हणलं.”

पदर धरलेली ती काळी बोटं. ती कुठून आली होती? शनिवारी खोलीत पंखा फिरत होता, गुरुलिंग नावं लिहीत होता, समोर बाई गाठीकडे हात नेत होती आणि भैरवी हातभर मागे सरकून म्हणत होती, राहू द्या. हे तर आता स्पष्ट दिसत होतं. सरकली होती तीच. एकोणीस वर्षं बायका गाठीकडे हात नेत होत्या आणि तीच सरकत होती, दवाखान्यातून आलेली, आंघोळ न केलेली, कुणाच्या तरी सोवळ्यापासून हातभर लांब. आणि मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होती की त्या उघडत नाहीत.

तिनं स्टेथोस्कोपची चकती तळव्यात धरून गरम केली आणि उघड्या कातड्यावर ठेवली.

उजवीकडे, वर. श्वास घ्या. आत काहीतरी गेलं. तो वारा नव्हता. जाडसर, जरा ओला, कडेला फाटलेला आवाज होता, आणि तो तिच्या ओळखीचा नव्हता. इतक्या वर्षांत ऐकलेल्या कुठल्याच श्वासासारखा तो नव्हता, आणि माणसाचा होता. डावीकडे, वर. तसाच, जरा कमी. एक पायरी खाली. उजवीकडे. आहे. डावीकडे. आहे का? एक पायरी खाली. आपण वरच थांबतो. उजवीकडे, खाली, आहे.

डावीकडे, खाली.

“घ्या श्वास.”

“घेतलाय की.”

काही नाही. तिनं चकती जरा सरकवली, पुन्हा ठेवली. तिचं मन ताबडतोब धावलं, त्यानं कुठूनतरी तो झाडाचा शेंडा आणला, वारा आणला, तो या जागेवर ठेवायला लागलं. तिनं तो ठेवू दिला नाही. आपला श्वास तिनं रोखून धरला. कातड्याखाली काही नव्हतं. खोल विहिरीवर झाकण ठेवावं तसं सगळं बंद होतं. मग डाव्या हाताचं बोट तिथं टेकवून उजव्या बोटानं तिनं टकटक केली, आधी उजवीकडे, तिथं पोकळ वाजलं, मग डावीकडे, आणि भरलेल्या रांजणावर मारल्यासारखं बोट नुसतं दुखलं. शेवटी तिनं स्टेथोस्कोप काढला, आणि मेंढराला लावतात तसा उघडा कान त्या पाठीला लावला. कातडं तापलेलं होतं. घामाचा, राखेचा, लोकरीचा वास होता. कानाखाली गप्प होतं.

“काय म्हणतंय?” कोंडाबाईनं विचारलं.

“काहीच नाही.”

“मग बरंच हाय म्हणा.”

“नाही मावशी.” भैरवी तिच्या समोर येऊन जमिनीवर बसली. “तिथं आवाज यायला पाहिजे होता. पाणी भरलंय. उद्या मेंढरांमागं जायचं नाही. आत्ताच शहरात जायचं, मोठ्या दवाखान्यात, आज.”

दाराबाहेर उभ्या असलेल्या श्रीमंतनं हे ऐकलं असावं. तो बाहेरूनच म्हणाला, “ओ मॅडम, आसं कसं? समदं बांधलंय. शनवारी तुमीच म्हणलाव की जा, छाती साफ हाय म्हणून!”

आता एक वाक्य होतं जे बोललं तर ते वाडीभर होणार होतं, गुरुलिंगापर्यंत जाणार होतं, तिच्या टेबलापुढच्या रांगेत प्रत्येक बाई ते डोळ्यांत घेऊन बसणार होती. न बोलताही भागलं असतं. दोन दिवसांत वाढलं, असं म्हणता आलं असतं. दोन दिवसांत वाढतंसुद्धा.

“शनिवारी मी ऐकलंच नव्हतं,” भैरवी म्हणाली. “गाडी बघ श्रीमंत. मी बरोबर येतेय.”

बाहेर चपलांचा आवाज लांब गेला.

कोंडाबाई अजून उघड्या पाठीनंच बसली होती. ती भैरवीकडे बघत होती, रागानं नव्हे, आजारी जनावराकडे बघते तसं, नेमकं कुठं दुखतंय ते शोधत.

“ऐकलं न्हाय कसं? चांगलं डोळं मिटून ऐकत हुताव. मान बी हालवलाव. मग कुणाचं ऐकलाव?”

“तुमच्या लुगड्याचं.”

कोंडाबाईला ते लगेच कळलं नाही. तिनं मांडीवर पडलेला पदर उचलला, उलटा-सुलटा करून बघितला. मग तो दोन बोटांत धरून कानाशी नेला आणि हळूहळू चोळला. एकदा. पुन्हा एकदा. तिचे डोळे मोठे झाले, तोंड किंचित उघडं राहिलं, आणि ती मान न हलवता, अगदी लक्ष देऊन ऐकत राहिली.

“व्हय की वो बाई,” ती हळूच म्हणाली. “दम घ्यायलंय ह्ये.”